संभाषण कोणाचे?

(वाघोली येथे भरलेल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेच्या विषयपत्रिकेत वाचन, गणित आणि पटावरील उपस्थिती हे आपले नित्याचे विषय आहेत. त्यांच्या पंक्तीला 'ग्रुपवरील संभाषण आणि संमती' हा विषय बसलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. हा विषय शहरातील वकिलांचा, आपल्या शाळांचा त्याच्याशी काय संबंध, असाही प्रश्न मनात आला असेल. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या कामाचा केवढा तरी भाग शाळेच्या ओसरीवरून उठून हातातील फोनमध्ये गेला आहे. वर्गागणिक पालकांचा एक ग्रुप, शाळेतील शिक्षकांचा दुसरा, शाळा व्यवस्थापन समितीचा तिसरा, केंद्राचा चौथा, तालुक्याचा पाचवा. पूर्वी पालक शाळेच्या दाराशी उभे राहून जे सांगत, ते आता रात्री नऊ वाजता लिहून पाठवितात. दाराशी बोललेला शब्द वाऱ्यावर विरून जाई. लिहिलेला शब्द राहतो, आणि जो राहतो तो तिसऱ्या माणसाच्या हाती देता येतो. एवढ्याशा फरकातून शिक्षकावर एक जबाबदारी येऊन पडली आहे.

ती सर्वस्वी नवी आहे असे मात्र नाही. ज्या काळी गावात लिहितावाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असत, त्या काळी मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाचे पत्र आले की आई ते पदराआड धरून मास्तरांकडे येई. मास्तर पत्र वाचून दाखवीत आणि तिच्या सांगण्यावरून उत्तरही लिहून देत. त्या पत्रांत काय नसे? कर्जाचा आकडा असे, भावाभावांतील वाटणीचा तंटा असे, सासरी नांदत नसलेल्या मुलीची हकीकत असे, या महिन्यात मनिऑर्डर का आली नाही त्याचे कारण असे. निम्म्या गावाचे अंतरंग मास्तरांच्या ओसरीवर उघडे होई. तरीही चावडीवर बसल्यावर त्यांतील अक्षर मास्तरांच्या तोंडून बाहेर पडत नसे. आणि ज्याच्या तोंडून पडे, त्याच्याकडे पुढचे पत्र येत नसे. गावाने मास्तरांना मान दिला त्यात त्यांच्या विद्येचा वाटा होताच, परंतु या मुके राहण्याचा वाटाही लहान नव्हता. कोणत्याही सेवाशर्तीत हे कलम नव्हते, आणि ते असण्याची कोणाला गरजही वाटली नाही.

आता एक अलीकडील हकीकत सांगतो. शाळेचे व माणसांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चौथीच्या वर्गाची सहल ठरली होती. एका मुलाच्या आईने वर्गशिक्षकांना रात्री संदेश पाठविला. मुलाच्या वडिलांचे काम सुटले आहे, घरभाडे थकले आहे, सहलीचे पैसे या महिन्यात होणार नाहीत; तरी मुलाला वर्गात सर्वांदेखत काही विचारू नये, अशी तिची विनंती होती. शिक्षक मनाने चांगले. त्यांना मुलाची कणव आली. त्यांनी त्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढला, तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले की, आपण सर्वांनी मिळून या कुटुंबाला हात द्यावा. तासाभरात सहलीच्या खर्चाहून अधिक पैसे जमले. हात जोडल्याची चित्रे आली, शिक्षकांच्या माणुसकीची वाखाणणी झाली. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. शिक्षक घरी गेले, तेव्हा आई दाराबाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "गुरुजी, मी तुम्हांला सांगितलं होतं, गावाला नव्हतं."

ज्या किराणा दुकानातून त्या घराला महिन्याची उधारी मिळे, त्या दुकानदाराचा मुलगाही त्याच वर्गात शिकत होता. अर्थात दुकानदारही ग्रुपमध्ये होता. दुसऱ्या दिवसापासून उधारी बंद झाली. त्याचाही त्यात फार दोष आहे असे मला वाटत नाही. कळल्यावर माणूस सावध होणारच. पण त्याला कळवावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्या बाईचा होता, तिला कोणी विचारलेच नाही. मुलगा आठवड्याने शाळेत परतला. सहलीला तो गेला नाही.

या हकीकतीत कोणी दुष्ट नाही, म्हणूनच ती मी सांगितली. दुष्टाने केलेली चुगली ओळखणे सोपे असते. येथे चांगल्या हेतूने घडलेले काम आहे, आणि शिक्षकांच्या हातून अशी कामे बहुधा चांगल्याच हेतूने घडतात. त्या रात्री शिक्षकांना एक ओळ लिहिता आली असती: "ताई, तुमचे नाव न सांगता मी दोघातिघांशी बोलू का?" ती कदाचित 'हो' म्हणाली असती, कदाचित 'नको' म्हणाली असती. 'नको' म्हणाली असती तर मुख्याध्यापकांशी बोलून मुलाची वर्गणी माफ करण्याचा मार्ग मोकळा होता. किंबहुना एका विद्यार्थ्याच्या सहलीसाठी साहाय्य हवे आहे, एवढेच ग्रुपवर लिहिले असते तरी पैसे जमलेच असते. पैशांसाठी त्या बाईचे शब्द लोकांपुढे ठेवण्याची गरज नव्हती.

आपण या क्रियेला 'फॉरवर्ड करणे' किंवा 'शेअर करणे' म्हणतो. हे शब्द मोठे निरुपद्रवी आहेत. ताटातील वाटी शेजारच्या पानाकडे सरकवावी, तशी ती क्रिया वाटते. वास्तविक एका माणसाला सांगितलेली गोष्ट जेव्हा साठ माणसांपुढे ठेवली जाते, तेव्हा तिचे प्रकाशन होते. छापखान्यात प्रकाशन होण्यापूर्वी हस्तलिखित येते, खिळे जुळविले जातात, मुद्रिते तपासली जातात; या सर्व पायऱ्यांवर कोणीतरी थांबून विचारू शकतो की, हे छापावयाचे ना? फोनमध्ये या पायऱ्या गळून पडल्या. अंगठा टेकला की पुस्तक निघाले. तेव्हा थांबून विचारण्याचे काम त्या अंगठ्याच्या धन्यानेच केले पाहिजे.

पत्रव्यवहाराच्या बाबतीत हा विचार आपल्याकडे पूर्वीच झालेला आहे. आपल्याला आलेले पत्र आपल्या मालकीचे, ही आपली समजूत निम्मीच खरी आहे. कागद आपला, त्यावरील मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या आधारे हे तत्त्व आपल्याकडे मानले जाते, आणि लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर हा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. मराठीत पत्रांची उत्तमोत्तम पुस्तके आहेत. कुसुमावती देशपांडे १९६१ साली निवर्तल्यानंतर कवी अनिलांनी दोघांचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध केला. पती-पत्नींच्या पत्रांच्या बाबतीतही तो निर्णय करणे किती नाजूक असेल, याची कल्पना करावी. एक बोलणारा हयात, दुसरा नाही. आणि शब्द दोघांचे. संभाषण म्हटले की ते दोघांचे असते. एकाने ते उचलून नेले म्हणजे तो स्वतःचे अर्धे व दुसऱ्याचे अर्धे नेत असतो. शिक्षक-पालकांच्या ग्रुपमधील संभाषण तर चाळीस-पन्नास जणांचे. कोणी एखादी ओळ बोलला असेल, कोणी काहीच बोलला नसेल, पण त्याचे नाव व फोन क्रमांक तेथे सर्वांना दिसत असतो. महिला पालकांच्या बाबतीत ही गोष्ट किती त्रासाची होऊ शकते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको.

संभाषणाचा तुकडा तोडून नेल्याने काय घडू शकते, याचे आपल्या राज्यातील भीषण उदाहरण १ जुलै २०१८ चे आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे निरपराध लोक होते. त्या दिवसांत देशभर फोनवरून ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांपैकी एक मुळात कराचीतील लोकांनी मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केलेली होती. शेवटी मूल सुखरूप परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश देतात, असा तिचा शेवट होता. कोणीतरी तो शेवट कापला. उरलेला तुकडा खरा अपहरणाचा प्रसंग म्हणून फिरला. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर लागू झाली. मर्यादा घातली हे योग्यच. पण पाच ठिकाणी जाणारा मजकूर कोणाचा, पूर्ण की अर्धा, हे त्या यंत्राला विचारता येत नाही. ते पाठविणाऱ्याने विचारावयाचे.

शाळेतील तुकडे अर्थातच इतके भयंकर नसतात, पण तुकडेच असतात. उत्तरपत्रिकेतील गमतीचे उत्तर पाहून आपण हसतो, छायाचित्र काढतो आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकतो. तेथून ते कोठे जाईल याचा नेम नसतो. मुलाचे अक्षर त्याच्या गावात ओळखले जाते. 'माझे वडील' या विषयावरील निबंधात एखादी मुलगी लिहून जाते की, बाबा दारू पितात आणि आईला मारतात. वाचून गलबलून येते. वाटते की, हे सर्वांनी वाचावे. मुलीने ते आपल्या बाईंसाठी लिहिलेले असते. तिने बाईंवर विश्वास टाकला, म्हणूनच तो निबंध खरा उतरला. तो फिरू लागला तर पुढच्या वर्षी त्या वर्गातील सर्व मुली 'माझे वडील फार प्रेमळ आहेत' असेच लिहितील. मग आपण वर्षभर निबंधलेखन शिकवीत बसलो तरी काय उपयोग?

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. प्रसिद्धीने कधी कधी भलेही होते. २०२० साली मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका लहान मुलाने आपल्या दिवंगत वडिलांवर लिहिलेला निबंध असाच महाराष्ट्रभर वाचला गेला, आणि त्या कुटुंबाला त्यामुळे मदतही मिळाली. ती मदत खोटी नव्हती. पण ते मूल आता मोठे झाले आहे, आणि त्याच्या बालवयातील दुःख कोणीही, केव्हाही शोधून वाचू शकतो. त्याला त्याविषयी काय वाटते, हे तोच सांगू जाणे. मी त्याचे वा गावाचे नाव येथे घेत नाही, त्याचे कारण हेच.

या वाघोलीला अशा मुलांचा मोठा इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणण्यात आले, आणि भारतीय जैन संघटनेच्या वाघोलीतील शैक्षणिक पुनर्वसन केंद्रात ती शिकली, वाढली. त्या काळी त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली असतील. ते वर्तमानपत्र आठवड्याने रद्दीत गेले. आज ती मुले चाळिशीच्या आसपास आहेत. कोणी अभियंता असेल, कोणी शिक्षक असेल, कदाचित या सभागृहातही कोणी असेल. 'मी भूकंपातून वाचलेला मुलगा' असे सांगावयाचे की नाही, कोणाला आणि केव्हा सांगावयाचे, हे त्यांच्या हाती आहे. रद्दीने त्यांच्यावर एक उपकार केला. आज तसाच प्रसंग ओढवला तर फोनमधील चित्र कोणत्याही रद्दीत जाणार नाही, याचे भान आपण ठेवले पाहिजे. संकटग्रस्त मुलांच्या बाबतीत तर कायदाच कडक आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, अत्याचाराला बळी पडलेल्या, साक्षीदार असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. वर्तमानपत्रांबरोबरच इतर संपर्कसाधनांचाही त्यात उल्लेख आहे. सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सद्भावनेने हळहळ व्यक्त करताना मुलीची शाळा लिहून जाणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

आता संमतीकडे वळतो. आपल्याकडे संमती म्हणजे सही, अशी समजूत रूढ आहे. जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी पालकांपुढे पाच कागद ठेवले जातात, ते जेथे बोट दाखवावे तेथे सही करतात वा अंगठा उठवितात, आणि त्यांतल्या एका कागदावर 'पाल्याचे छायाचित्र व माहिती वापरण्यास हरकत नाही' असे वाक्य असते. या भागातील दगडखाणींवर, बांधकामांवर राबणाऱ्या कुटुंबांतील पालकांचा विचार करा. कोणी विदर्भातून आलेला, कोणी कर्नाटकातून, कोणी बिहारातून. घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जातो. ग्रुपवरील मराठी सूचना संध्याकाळी मुलगाच वाचून दाखवितो. असा माणूस जूनमध्ये अंगठा उठवितो तेव्हा डिसेंबरात आपल्या मुलीचे छायाचित्र तालुक्याच्या ग्रुपवर, तेथून एखाद्या देणगीदाराच्या पत्रकात जाणार आहे, हे त्याला कसे कळावे? ज्याला कळले नाही त्याने संमती दिली असे म्हणता येत नाही.

यात मी माझ्या पदरचे काही सांगत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. त्यांतील बारकावे वकिलांवर सोपवू. पण संमती कशी असावी याविषयी त्या कायद्यात जे म्हटले आहे, ते कोणत्याही शाळेने मनात धरावे असे आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, अमुक एका कामापुरती हवी, समजून दिलेली हवी, अटीविना आणि निःसंदिग्ध हवी. ज्या सुलभतेने ती दिली त्याच सुलभतेने ती परत घेता आली पाहिजे. कशासाठी संमती मागितली जात आहे, हे मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांपैकी आपल्या भाषेत वाचण्याची सोय माणसाला असली पाहिजे. आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती पालकांकडून घ्यावयाची आहे.

'अमुक एका कामापुरती' हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. स्नेहसंमेलनाचे छायाचित्र वर्गाच्या ग्रुपवर टाकण्यास बापाने 'हो' म्हटले, ते त्या ग्रुपपुरते. तेच चित्र शाळेच्या फेसबुक पानावर टाकावयाचे असेल तर पुन्हा विचारावयाचे. आणि जेथे पालकाला वाचता येत नाही तेथे तोंडी, त्याच्या भाषेत, फोनमधील चित्र दाखवून विचारावयाचे. यास दोन मिनिटे लागतात. पालकाला विचारून झाल्यावर मुलालाही विचारावे, असे माझे मत आहे. कायदा त्यासाठी आग्रह धरत नसेल. पण आठवीतली मुलगी 'सर, हा फोटो नको' म्हणते तेव्हा तिचे ऐकणे हा शिक्षणाचाच भाग आहे. आपले 'नको' ऐकले जाते हे मुलींना शाळेत कळले नाही, तर अन्यत्र कोठे कळणार?

छायाचित्रांचा विषय निघाला आहे तेव्हा एक अप्रिय गोष्टही बोलून टाकतो. कार्यक्रम झाला की पुराव्यादाखल छायाचित्रांची मागणी वरून होते. झाडे लावली, छायाचित्र पाठवा. पोषण आहार वाढला, छायाचित्र पाठवा. मुले कॅमेऱ्याकडे पाहत बसतात आणि ताटातील खिचडी निवून जाते. पुरावा मागणे हे प्रशासनाचे काम आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण झाड लावल्याचा पुरावा झाडाच्या छायाचित्रातून मिळतो, मुलाच्या चेहऱ्यातून नव्हे. वर्गाचे चित्र मागील बाकांमागून, मुलांच्या पाठी दिसतील असे काढले तरी फळ्यावरचे काम दिसते. मोफत गणवेश, सायकल, शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांचे, देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असे छायाचित्र तर कोणत्याही शाळेने काढू नये. आपण शिक्षकांनी नम्रपणे असे पुरावे पाठविले तर वरिष्ठांकडून ते नाकारले जाणार नाहीत, असा माझा अनुभव आहे. निदान माझ्याकडे आलेले मी नाकारीत नाही.

यंत्रात कोणत्या सोयी आहेत, हेही जाणून घेतले पाहिजे. आपल्याला कोणीही, न विचारता ग्रुपमध्ये घालू नये अशी व्यवस्था व्हॉट्सॲपमध्ये एप्रिल २०१९ पासून आहे. खाजगीपणाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती लावावी लागते. ती महिला पालकांना अवश्य शिकवावी. सूचनांसाठीच असलेल्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनने लिहावे अशी सोय २०१८ पासून आहे. ग्रुपची निमंत्रण-लिंक ही चावी आहे. ती कोणत्याही सार्वजनिक पानावर डकवू नये. फेब्रुवारी २०२० मध्ये अशा अनेक लिंका गुगलच्या शोधात सापडू लागल्याचे उघडकीस आले होते, म्हणजे अनोळखी माणूसही आत शिरू शकत होता. लिंक बाहेर गेल्याचा संशय आला तर ॲडमिनला ती बदलता येते. चुकून गेलेला संदेश सर्वांसाठी पुसता येतो. पण तो वाचून कोणी चित्र काढून ठेवले असेल तर ते पुसले जात नाही. या सर्व सोयी कुंपणासारख्या आहेत. कुंपणाने गुरे अडतात, घरातला माणूस अडत नाही. वर सांगितलेल्या हकीकतीत चोर बाहेरून आला नव्हता.

ॲडमिन असलेल्या शिक्षकांना एक भीती असते की, ग्रुपमध्ये कोणी काही वेडेवाकडे टाकले तर आपल्यावर खटला होईल. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याविषयी स्पष्ट केले आहे की, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा सामायिक उद्देश वा आधी ठरलेला बेत असावा लागतो. तेव्हा भीती नको. पण इतरांच्या मजकुराबद्दल सूट मिळाली, स्वतः टाकलेल्या मजकुराबद्दल ती नाही.

अलीकडे काही शिक्षक पाठनियोजनासाठी, प्रश्नपत्रिका काढण्यासाठी चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांशीही संभाषण करतात. त्यात गैर काही नाही. तथापि तेथेही आपण एकटे नसतो. २०२५ च्या जुलैअखेरीस असे उघडकीस आले की, ज्यांनी आपले संभाषण लिंक करून दुसऱ्याला दिले आणि ते शोधात दिसावे या खुणेवर बोट टेकले, त्यांची हजारो संभाषणे गुगलच्या शोधात कोणालाही वाचता येत होती. कित्येकांना आपण काय केले हे कळलेही नव्हते. कंपनीने ती सोय तातडीने काढून टाकली. लोकांनी तेथे आपले आजार, घरातील भांडणे, नोकरीच्या अडचणी सांगितल्या होत्या. आपण शिक्षक तेथे काय विचारू? 'माझ्या वर्गातील अमुक नावाचा मुलगा मतिमंद आहे का?' असे विचारू. म्हणून मुलाचे नाव, गाव, जात, आजार त्या संभाषणात घालूच नये. 'नऊ वर्षांचा एक विद्यार्थी' एवढ्याने उत्तर तेवढेच चांगले येते. लिंक कोणाला देण्यापूर्वी सर्व संभाषण वरपासून खालपर्यंत एकदा वाचावे. आपण काय विचारले होते हे आपणच विसरलेले असतो.

भाषण संपविण्यापूर्वी, सकाळी चहाच्या वेळी एका भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यांच्या वर्गातील एका मुलीच्या आईने स्वच्छ सांगितले आहे की, मुलीचे छायाचित्र कोठेही येता कामा नये. त्याचे कारण तिने सांगितले नाही. आता वार्षिक स्नेहसंमेलनात त्या मुलीला नाचात घ्यावे की नाही? घ्यावे. कारण विचारू नये. नाचात तिला मागच्या रांगेत, अंधारात उभे करू नये, आणि छायाचित्र काढताना सर्वांसमोर 'तू बाजूला हो' असेही म्हणू नये. ज्या नाचात ती आहे त्याचे चित्र ग्रुपवर टाकू नये, दुसऱ्या नाचाचे टाकावे. प्रेक्षकांत बसलेल्या पालकांनी आपापल्या फोनवर काढलेल्या चित्रांचे काय, असेही त्या म्हणाल्या. पडदा उघडण्यापूर्वी निवेदकाने एवढे सांगावे की, आपल्या मुलाचे चित्र जरूर काढा, इतरांच्या मुलांची चित्रे बाहेर पाठवू नका. सर्व पालक ऐकतील असे नाही. पण त्या मुलीची आई मागे कोठेतरी बसलेली असेल, आणि ती ऐकेल.